मागच्या दाराचा भोंगा

३ मे १९९५, बुधवार

दुपारी भोंगा वाजला! आधी वाटलं एमआयडीसीतल्या कुठल्या कारखान्याचा असेल. पण आवाज डोक्यावरून, आपल्याच गच्चीवरून येत होता. ताटं मांडत होते ती टाकून घरभर पळत सुटले. अप्पा मागच्या खोलीत पलंगावर उठून बसलेले, धोतर सावरत — "अंजली, लढाई लागली का काय गं?" माझ्या या सासऱ्यांना भोंगा म्हटलं की एकाहत्तर साल आठवतं.

घरातल्या बोळात भोंग्याची पत्र्याची पेटी आहे, तिला बारीक किल्ली. ती फिरवली तेव्हा कुठं थांबला. कानात अजून घुमतंय.

घर विकताना हिंदुराव म्हणाले होते, "चोरासाठी बसवला हुता. जुना झालाय, चालत नसंल आता." घर इतके दिवस बंद, वीज तोडलेली. परवा वायरमन मीटर जोडून गेला आणि हा उठून बसला!

पण लिहायचं ते वेगळंच. एवढा कानठळ्या बसवणारा भोंगा — गल्लीतून एक माणूस बाहेर आलं नाही. समोर जोतीरामतात्यांची खिडकी उघडी होती. ती आतून कोणीतरी लावून घेतली. माझ्या डोळ्यांदेखत!

४ मे, गुरुवार

रविंद्रनी डेअरीत ड्युटीवर जाण्याआधी सगळं बघितलं. पुढच्या आणि मागच्या दाराच्या चौकटीत लोहचुंबक आहे. पेटी चालू असताना दार उघडलं की भोंगा. मागच्या दाराला लॅच आहे, ओढलं की आपोआप लागतं. शिवाय मागच्या खोलीत भिंतीवर लाल बटण — तेही एवढं खाली की पलंगावर झोपलेल्या माणसाच्या हाताला लागावं. मी म्हटलं, चोर काय रांगत येणार होता? अप्पा हसले. त्यांना बटण आवडलंय. "चहा पायजे झाला की वाजवतो."

काल दार कोणी उघडलं होतं? अप्पा म्हणतात त्यांनी नाही. मी नाही. रविंद्र म्हणाले, जुन्या वायरी आहेत, उंदीर असेल. असेल.

पेटी चालूच ठेवा म्हणाले. वस्तीत चोऱ्या होतात, शाळा उघडली की अप्पा दिवसभर एकटे.

७ मे, रविवार

परत वाजला. परत दुपारीच. मागचं दार बंद, पुढचं बंद. परत कोणी आलं नाही.

सकाळी पलीकडच्या गच्चीवर बायका कुरडया घालत होत्या. मी कंपाउंडपाशी जाऊन म्हटलं, सोऱ्या धरायला येऊ का? एकमेकींकडे बघितलं. एक म्हणाली, "नको बाई, झालंच आमचं." झालंच! पातेलं भरून चीक वाफाळत होता.

मला काय कळत नाही? इंदापुरात भाड्याच्या खोलीत राहायचो तेव्हाही हेच. वाळवणाला आमचा हात नको. निमगाव केतकीच्या शाळेत ह्यांच्याच पोरांना मी शिकवते, पेपर तपासते, त्याला माझा हात चालतो!

रविंद्र म्हणतात, "तू सगळीकडं तेच बघतेस." मी म्हटलं, तुम्ही डेअरीतून दूध बघून येता, मी गल्ली बघते. चोराचा भोंगा वाजला तरी जे शेजारी ढिम्म हलत नाहीत, ते अप्पांना काही झालं तर येणार आहेत? या एवढ्या एका गोष्टीचा घोर लागलाय मला. घर झालं, नोकरी आहे, लेक मेघना पुण्यात हॉस्टेलला नीट शिकतेय. पण जून उजाडला की म्हातारा माणूस इथं एकटा. आणि कोणी येणार नाही.

१० मे, बुधवार

वाजला. अप्पा आता कूसही बदलत नाहीत. मीच घाबरते.

१४ मे, रविवार, बुद्धपौर्णिमा

गृहप्रवेश केला. सकाळी वंदना, पंचशील. अप्पांचा आवाज अजून खणखणीत आहे. इंदापूरचे आपले लोक आले, घर भरल्यासारखं वाटलं. मेघना आली होती, संध्याकाळच्या एस्टीने गेली.

गल्लीतल्या सगळ्यांना मी स्वतः घरोघरी जाऊन बोलावलं होतं. आले चौघं-पाच. खीर खाल्ली — हो, खाल्ली, खोटं का लिहू. पण पुढच्या खोलीतच. म्हटलं, घर तर बघा, मागची खोली मोठी आहे, अप्पांची. कोणी उंबरा ओलांडेना! एकीने तर मागच्या खोलीकडे बघून छातीवर हात ठेवला. समोरच्या पद्माकाकू, जोतीरामतात्यांच्या बायको, आल्याच नाहीत. "तिला बरं नसतंय," तात्या म्हणाले, आणि खाली मान घालून निघून गेले.

मी रात्रीची भांडी आपटत घासली.

१६ मे, मंगळवार

दूधवाला म्हस्कू आज कॅन खाली ठेवून म्हणाला, "बाई, दाराला लिंबू-मिरची तरी बांधा. तुमी न्हाय ते मानत, पर हितं मालनबाई येती."

कोण मालनबाई?

हिंदुरावांची बायको म्हणे. मागच्याच खोलीत वारली. तिचाच भोंगा आहे, तीच वाजवते. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे — आम्हालाच तेवढं नाही!

मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. हे घर कुणाचं आहे माहीत आहे का? अप्पांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. माझ्या दाराला लिंबू बांधलं तर मी शाळेत कुठल्या तोंडानं अंधश्रद्धेवर बोलू? म्हस्कू म्हणाला, "ऱ्हायलं." आणि माप घालून गेला.

अप्पांना सांगितलं तर पोट धरून हसले. "आपल्यात भुतं न्हाईत पोरी. हुती तेवढी छप्पन साली नागपूरला सोडून आलोय."

हसायला मीही हसले. मग अप्पा मारुतीच्या कट्ट्याकडे गप्पा मारायला गेल्यावर त्या खोलीत जाऊन उभी राहिले. लाल बटणाभोवतीचा भिंतीचा रंग गेलाय. तळहाताएवढा काळपट, तेलकट डाग. कोणीतरी तिथं हात घासलाय, सारखा सारखा. रंगवणाऱ्यानं दोन हात मारले तरी तो वर आलाच. मी बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं.

भीती वाटते. इथं लिहिते, दुसरं कुणाला सांगणार नाही. मानत नाही, आणि भीती वाटते.

१९ मे, शुक्रवार

एसटीडी बूथवरून पुण्याला हिंदुरावांना फोन लावला. घरात माणूस वारलं होतं हे सांगितलं का नाही, एवढंच विचारायचं ठरवून गेले होते. पण तोंडातून निघालं, "तो भोंगा कुणाचा?"

मग म्हणाले — बसवला चोरांसाठीच. पण पुढं मालनची एक बाजू गेली. पडून असायची, वाचाही गेली. म्हणून बटण बसवलं तिच्या हाताशी. "सारखी वाजवायची हो. पाणी पायजे, कूस बदलायचीय, माशी बसलीय. कवा कवा नुसतंच. गल्ली कावली. पहिल्यांदा सगळी पळत यायची. मग मीच दारोदार सांगून आलो, वाजलं तरी येऊ नका, तिला सवयच लागलीया."

आणि ती गेली तेव्हा?

"मी इंदापूरला हुतो. तहसीलात काम हुतं." मग म्हणाले, "बाई, घराचा व्यवहार मी चोख केलाय," आणि ठेवून दिला.

घरी येऊन त्या डागाकडे परत बघितलं. भीती नाही वाटली. कसंतरीच वाटलं. जीभ नाही, हात एकच, आणि जगाला बोलवायला एवढं एक बटण. आणि नवऱ्यानंच जगाला सांगितलेलं, जाऊ नका!

पण मग आता कोण वाजवतंय?

२१ मे, रविवार

सगळं लिहून काढते.

दुपारी रविंद्रना म्हटलं अप्पांना घेऊन पुढच्या खोलीत झोपा. मी मागच्या खोलीत स्टूल टाकून दाराकडे तोंड करून बसले. ऊन नुसतं भाजत होतं. डुलकी लागायला आली होती. तोच बाहेर पायांचा आवाज — कोणीतरी पळत येतंय, अनवाणी. कुलपात किल्ली फिरली. दार उघडलं.

आणि दार उघडल्यावर भोंगा वाजायला लागला.

पद्माकाकू! केस सुटलेले, पदर खांद्यावरून घसरलेला, धाप लागलेली. माझ्याकडे बघितलंच नाही. सरळ पलंगाकडे — "आले, आले गं मालनबाई! आले, ह्ये बघ आले!" रिकाम्या पलंगावर हात फिरवत होत्या, उशी चाचपत होत्या. डोक्यावर भोंगा कोकलतोय आणि ही बाई म्हणतेय, "थांब की गं, वाजवू नगंस आता, आलीया न्हवं मी!"

रविंद्रनी पेटी बंद केली. आवाज थांबला तशा काकू भानावर आल्या. मला बघितलं, चेहरा पांढराफटक पडला. किल्ली मुठीत घट्ट धरून आल्या वाटेनं पळाल्या. दार आपोआप लागलं.

म्हणजे भोंगा वाजतो म्हणून त्या येत नव्हत्या. त्या येतात म्हणून भोंगा वाजत होता.

मग त्यांना कुठला ऐकू येतो?

२२ मे, सोमवार

जोतीरामतात्या सकाळीच आले. एस्टीत ड्रायव्हर होते, ताठ माणूस. आज खुर्चीच्या टोकावर बसले. मी चहा ठेवला तो निवून गेला.

घर बंद करून जाताना हिंदुरावांनी मागच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे ठेवली होती. काकू तेव्हापासूनच येतात. बंद घरात वीज नव्हती, म्हणून कुणाला कळलं नाही. तात्यांना ठाऊक होतं. आम्ही आल्यापासून भोंगा वाजला की त्या दारातूनच घाबरून मागे पळायच्या, म्हणून अप्पांनाही कधी दिसल्या नाहीत. "कसं सांगायचं बाई तुमाला? नवी माणसं तुमी."

तो दिवस असाच, मे महिन्यातला. काकू गच्चीवर कुरडया घालत होत्या. चीक चुलीवर चढवलेला. भोंगा वाजायला लागला. काकू उठल्या होत्या, तात्या म्हणाले, दोन पायऱ्या उतरल्याही होत्या. गच्चीवरच्या बायका म्हणाल्या, "अगं कुटं निघालीस, चीक लागंल! ती काय रोजच वाजवती." आणि खरंच, चीक सोडून उठता येत नाही. हलवायचा थांबला की गाठी होतात, तीन दिवस भिजवलेला गहू वाया. काकू परत बसल्या. "एवढा घाणा उरकते अन् जाते," म्हणाल्या. भोंगा वाजत राहिला. मग आपोआप बंद झाला. बायका म्हणाल्या, बघ, थांबली. कुरडया सगळ्या घालून झाल्यावर काकू हात धुऊन गेल्या.

"बटणावर हात तसाच हुता मालनबाईचा," तात्या म्हणाले. "लाईट गेलती, भोंगा बॅटरीवर हुता. ती उतरली म्हणून त्यो थांबला हुता."

त्यानंतर काकूंनी कुरडई केली नाही. त्यांच्यासमोर कोणी करतही नाही. भर उन्हात, चिकाचा वास आला की त्यांच्या कानात भोंगा सुरू होतो.

तात्या रडले. एवढा मोठा माणूस माझ्या खुर्चीत बसून रडला. अप्पा उठून आले आणि त्यांच्या शेजारी बसले, नुसते.

२४ मे, बुधवार

तर गच्चीवरच्या बायका त्या दिवशी "झालंच" म्हणाल्या ते यासाठी — मालनबाईच्या घरातली बाई त्यांना चिकापाशी नको होती. मागच्या खोलीत कोणी पाय ठेवेना ते यासाठी. खिडकी लावून घेतली तीही तात्यांनी, पळून घरी परतलेल्या काकूंना आवाज जाऊ नये म्हणून. रविंद्रनी माझ्याकडे नुसतं बघितलं. म्हटलं, बघू नका तसं! दोन्ही असेल. एक कारण कळलं म्हणून दुसरं मेलं असं होत नाही.

पण रागाला आता पहिली धार राहिली नाही, हे खरं.

आज काकू परत आल्या. तोच भोंगा, तेच "आले, आले गं!" पण आज पलंग रिकामा नव्हता, अप्पा होते. काकूंनी त्यांची कूस बदलायचा प्रयत्न केला! अप्पा बिचारे वळले. "बरं वाटतंय आता," म्हणाले त्यांना. काकू निवांत होऊन घरी गेल्या.

अप्पा म्हणतात, "येऊ दे की तिला. तिचं काय खर्चतंय?"

मला नाही जमत. दुपार झाली की मी मागच्या दाराकडे कान लावून बसते.

२८ मे, रविवार

भांडण झालं. मी म्हटलं भोंगा काढायचा. पेटी, वायरी, बटण, गच्चीवरचा कर्णा, सगळं. आणि मागच्या दाराचं कुलूप बदलायचं. भोंगाच नसला, दारच उघडलं नाही, तर काकूंच्या डोक्यातलंही हळूहळू जाईल. आणि गल्लीतलं "मालनबाई येते"ही. माझ्या घरात भूत आहे असं दूधवाल्यानं सांगत फिरायचं म्हणजे काय!

रविंद्र म्हणाले, जूनमध्ये अप्पा एकटे, बटण तरी राहू दे. अप्पाही म्हणाले, "बटण ऱ्हाऊ दे गं, माझ्या कामाला यील."

मी म्हटलं, कशाला? वाजवलं तर कोण येणार आहे? या गल्लीला न यायची सवय लागलीय. फसव्या आधारापेक्षा आधार नाही हे माहीत असलेलं बरं. मी दवाखान्याशेजारी राहणाऱ्या एका बाईला दुपारी एकदा डोकावून जायला सांगेन.

बोलण्यात मला कोण हरवणार.

१ जून, गुरुवार

काढला. वायरमननं सगळं उपसून पोत्यात भरून नेलं. भिंतीला लांबी भरली, डाग बुजवला. नवं कुलूप, दोनच किल्ल्या — एक माझ्याकडे, एक रविंद्रकडे.

समोर जाऊन तात्यांना सांगितलं. म्हटलं, राग मानू नका. काकू आल्या, दार वाजवायला लागल्या, तर काहीही म्हणोत, तुम्ही त्यांना घरी घेऊन जा. त्यांच्याच भल्यासाठी. गल्लीतही दोघा-तिघांना सांगून ठेवलं. तात्या म्हणाले, "बराबर हाय तुमचं, बाई."

दुपार शांत गेली. किती दिवसांनी झोपले!

५ जून, सोमवार

काकू आल्या होत्या. जुनी किल्ली नव्या कुलपात घालायला बघत होत्या. आत मी श्वास रोखून उभी. खरं तर दार उघडून त्यांना पाणी द्यायला हवं होतं. नाही उघडलं. तात्या आले, "चल पद्मा" म्हणाले, घेऊन गेले.

वाईट वाटलं. पण उपाय लागू पडतोय.

९ जून, शुक्रवार

सकाळी काकू स्वतःहून आल्या. पुढच्या दारानं, नीट नेसून, वाटीत लोणचं घेऊन. किती चांगल्या बोलतात! अप्पांच्या गुडघ्यांना निर्गुडीचा शेक सांगितला. मेघनाची चौकशी केली.

जाताना हळूच म्हणाल्या, "वाजतंय अजून. पर मी न्हाय येत आता. तुमी नगं म्हणलाय न्हवं."

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, काकू, भोंगा काढलाय, गच्चीवर बघा. काहीच वाजत नाही. त्यांनी मान डोलावली, लहान पोरीसारखी.

मला आत जाऊन रडू आलं. का ते नीट कळलं नाही.

१२ जून, सोमवार

शाळा उघडली. पहाटे भाकरी, अप्पांचं ताट झाकून, तांब्या भरून, गोळ्या उशाशी. दवाखान्याशेजारच्या बाईला दुपारी डोकवायला जमणार नाही म्हणाली. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावून जाते, अप्पांना उठायला त्रास नको. निमगावच्या एस्टीत बसले तरी जीव घरात.

संध्याकाळी विचारलं, कसं गेलं? "झ्याक. नुसती शांतता. भोंग्याची बी सवय झाली हुती बघ."

१९ जून, सोमवार

आठवडा सुरळीत. काकू एकदाही आल्या नाहीत. तात्या म्हणाले रात्री झोपही लागते तिला. रविंद्रही म्हणाले, तुझंच बरोबर होतं. ह्यांच्या तोंडून एवढं ऐकायला मिळालं म्हणजे झालं!

२८ जून, बुधवार

अप्पा गेले. गेल्या गुरुवारी, दुपारी. मी तेव्हा नववीला भूगोल शिकवत होते. पलंग आणि मागचं दार यांच्या मधे पडले होते. हात दाराकडे.

आज वंदना होऊन त्यांचं पुण्यानुमोदन झालं. सगळे गेल्यावर तात्या थांबले. कसंबसं सांगितलं. गुरुवारी दुपारी काकू एकदम उठल्या आणि पळत सुटल्या. मागच्या दारावर थापा मारत होत्या, "वाजतंय, वाजतंय, उघडा!" म्हणून. दोन-तीन घरांतली माणसं बाहेर आली. काकू दार सोडेनात, चौकटीला मिठी मारून बसल्या. तिघांनी मिळून सोडवल्या. तात्यांनी घरी नेऊन बाहेरून कडी लावली.

"तुमी सांगितलं हुतं तसंच केलं, बाई."

हो. मीच सांगितलं होतं.